मेश्राम बाईंचं यान

२ नोव्हेंबर, रविवार

हवा भयंकर. सोसायटीतले मॉर्निंग वॉकवाले आता चालत नाहीत, बाकांवर बसून खोकतात.

ग्रुपवर पाटणकरांचा फतवा. 'ध्रुवयान'चा पहिला भाग, पूर्ण लांबीची नवी प्रिंट, ३० तारखेला सकाळचा शो. द्वारकेतल्याच मॉलमधला छोटा स्क्रीन आपल्या एकतीस जणांसाठी बुक केलाय. शिवाय एक पुस्तिका निघणार. प्रत्येकाने लिहायचं: 'ध्रुवयान मी पहिल्यांदा कसं पाहिलं'. शब्द तीनशे, मुदत पंधरा तारीख. सरकारी परिपत्रकसुद्धा इतकं कडक नसतं, आणि मी वीस वर्षं तीच काढतेय.

एकतीस मराठी माणसं, सगळी दिल्लीतली, सगळी त्या सहा इंग्रजी अंतराळपटांसाठी वेडी. पाटणकर सगळ्यांत वेडे. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेले, आता रिटायर्ड. कोणत्या भागात कॅप्टनच्या कोटाला किती बटणं, हे त्यांना पाठ.

लिहायचं म्हणजे पंचाईत आहे. बाकीच्यांनी पहिला भाग पाहिला. मी तो ऐकला.

५ नोव्हें., बुध.

गुरु नानक जयंतीची सुट्टी. मि. (म्हणजे नवरा) आणि अनिकेत (मुलगा, वय पंधरा, म्हणजे झोपणं हाच धंदा) अकरापर्यंत झोपले. तेवढ्यात लिहून काढलं. इथे उतरवून ठेवते:

"नागपूर. फॅक्टरीच्या क्वार्टर्स. बाजाराच्या टोकाला व्हिडिओ हॉल होता. टिनाचं छत, एक टीव्ही, दहाबारा बाक. पोरींनी तिथं जायचं नाही. तसा बोर्ड नव्हता, पण सगळ्यांना माहीत होतं. हॉलच्या मागच्या भिंतीत उंचावर एक झरोका आणि त्याच्याखाली डांबराचा रिकामा ड्रम. ताई दहा वर्षांची, मी सहा. ताई ड्रमवर उभी, डोळा झरोक्याला. मी खाली. ड्रम डुगडुगायचा म्हणून त्याखाली वीट, आणि वीट सरकू नये म्हणून तिच्यावर माझा पाय. आतून इंग्रजी गडगडाट, वरून ताईचं मराठी.

ताईचं इंग्रजी तेव्हा पाचवीच्या पहिल्या सहामाहीपुरतं, म्हणजे मांजर आणि टेबल. तिचं काही अडलं नाही. काचेची टोपी घातलेली कॅप्टन दिसली, ही म्हणाली, 'या मेश्राम बाई.' मेश्राम बाई आमच्या हेडमिस्ट्रेस. तशाच उंच, तसेच कमरेवर हात. बर्फाच्या ग्रहावर एक छोटी मुलगी होती, तिचं नाव ताईने पिंकी ठेवलं. दिवेलागणीला घरी पोचावं लागे, आणि शो रोज वेगळ्या वेळी. म्हणून सिनेमा तीन दिवसांत, आधी मधला, मग पहिला, मग शेवट, असा पुरा केला.

'काय झालं?'

'थांब नं बे.'

'पिंकी कुठं आहे?'

'थांब म्हटलं नं!'

तिसऱ्या दिवशी शेवट. ग्रहावरचा तळ फुटला, यान निघालं, पिंकी मागे राहिली, बर्फातून धावतेय. मग ताई गप्प. बराच वेळ गप्प. आतून नुसता घरघराट. मी वीट सोडून तिची सलवार ओढायला लागले. तेव्हा म्हणाली, 'वळलं. यान वळलं. मेश्राम बाईंनी घेतलं तिला.' आणि उडी मारून खाली आली. डोळे लालभडक. म्हणाली, आतला बिड्यांचा धूर गेला."

शब्द दोनशेच्या आतच. पाठवून दिलं.

पाठवल्यावर मोजलं, ताई हा शब्द सहा वेळा आलाय. गेली तीन वर्षं तो माझ्या तोंडून निघालेला नाही. ताई फरीदाबादला असते, शाळेत सायन्स शिकवते. एकाच दिल्ली मेट्रोच्या दोन टोकांना आम्ही दोघी.

८ नोव्हें., शनि.

पाटणकरांचा फोन. "मॅडम, सुंदर! वाचताना मजा आली. फक्त शेवट दुरुस्त करा. यान वळत नाही."

मी म्हटलं, वळतं. टीव्हीवर जाहिराती कोंबायला तो सीन कापतात, सीडीवरही कापलेलाच होता.

"कापलेलं नाही, मुळात नाहीच. माझ्याकडे चार प्रिंट आहेत."

"असतील चार. मी प्रत्यक्ष..."

प्रत्यक्ष काय? प्रत्यक्ष मी विटेवर उभी होते.

ते फारच सौम्यपणे म्हणाले, होतं असं, लहानपणी. तो सौम्यपणा सर्वांत जास्त झोंबला.

९ नोव्हें., रवि.

पाटणकरांनी पेन ड्राइव्ह पाठवला, वर चिठ्ठी: "खात्री करून घ्यावी." माणूस हरत नाही. दुपारी अनिकेतला धरून बसवलं. मोबाइल काढून घेतला.

यान वळत नाही.

पिंकी (तिचं खरं नाव वेगळं आहे, मी कधीच वापरलेलं नाही) धावते, पडते, उठते. कॅप्टन दाराशी उभी. मागे एकशेचाळीस माणसं. ती हात वर करते, यान निघतं. बर्फात एक ठिपका दिसतो, मग तोही दिसत नाही. संपलं.

"मम्मा, वो तो मर गई यार," अनिकेत म्हणाला. "तू तर म्हणत होतीस ती वाचते."

मी म्हटलं, पाणी आण.

आणि तो हातमोजा! सहाही भागांत यानाच्या काचेपाशी एक छोटा हातमोजा लटकतो. ग्रुपवर त्यावर पानंच्या पानं लिहून झालीत आणि मी कधी नीट वाचली नाहीत, कारण मला माहीतच होतं ना. माझ्या हिशेबी पिंकी मोठी झाली, कुठल्यातरी ग्रहावर शिकायला गेली, हॉस्टेलला, आणि तिची आठवण म्हणून मेश्राम बाईंनी तो जपून ठेवला. इतकी वर्षं मी तो मोजा बघून खूश होत आले. बावळट!

एकही सीन कुणी कापलेला नव्हता. ताईने मला खोटं सांगितलं.

११ नोव्हें., मंगळ.

ऑफिसात दिवसभर डोकं फिरलेलं. एका ज्युनिअरला विनाकारण झापलं, नंतर चहा पाजला.

राग कसला, ते इथे तरी सरळ लिहावं. तीन वर्षांपूर्वी आईला उपचारांसाठी नागपूरहून माझ्याकडे आणलं. दोन महिन्यांत डॉक्टरांनी हात टेकले. मी आईला सांगितलं नाही. पित्त आहे म्हटलं. आई रोज विचारायची, "घरी कधी जायचं?" मी म्हणायचे, संक्रांतीला जाऊ, तुझ्या हातचे लाडू खाऊ. संक्रांतीच्या आठ दिवस आधी ती गेली, माझ्याच घरात, मागच्या खोलीत.

जलदान विधीच्या दिवशी भन्तेजी गेले, जेवणं झाली, सगळे नातेवाईक बसलेले. ताई सगळ्यांसमोर म्हणाली, "हिनं आईला शेवटपर्यंत खोटं सांगितलं. आईला तिच्या घरी मरू दिलं नाही." मग पर्स उचलली आणि निघून गेली. त्यानंतर फोन नाही, काही नाही.

आणि आता हे. खोटं बोलायला मला शिकवलं कोणी? पहिलं खोटं कोणाचं?

मि. म्हणाला, "सुजाता, सहा वर्षांच्या पोरीला आणखी काय सांगणार होती ती?" मी म्हटलं, तू तिची बाजू घेऊ नकोस. तो म्हणाला, मी बाजू घेत नाहीये, भाजी निवडतोय.

१३ नोव्हें., गुरु.

बिड्यांचा धूर.

झरोका एवढा उंच, वारा हॉलच्या पुढच्या बाजूला. मला कधी साधा वास आला नाही. मी कशी मानली ती बिडी?

दहा वर्षांची होती. अनिकेत दहाचा असताना त्याला बुटाची नाडी बांधता येत नव्हती.

ताईला मेसेज केला. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. शेवटी एवढंच: "व्हिडिओ हॉलमागचा ड्रम आठवतो?"

दोन निळ्या रेघा लगेच.

१६ नोव्हें., रवि.

उत्तर नाही. पाटणकर मात्र रोज. तडजोड म्हणे: माझा मजकूर जसाच्या तसा छापू, खाली संपादकीय टीप टाकू. ग्रुपवर आरती (लातूरची, राजेंद्र नगरात राहून यूपीएससी करतेय, तिने पहिला भाग काकाच्या मोबाइलवर पाहिला, तेही तडा गेलेल्या काचेतून) म्हणाली, "मॅडम, टीप नको, काही नको. मला तुमचाच शेवट पाहिजे." त्यावर पाटणकर, "शेवट ही निवडीची बाब नाही." दोघांचं तासभर चाललं. माझाही फोन हातातच होता, पण वेगळ्या मेसेजसाठी.

१७ नोव्हें., सोम.

आलं. ऑफिसात, मीटिंग चालू असताना.

"आठवतो. वीट सरकली असती तर तुझा पाय गेला असता. का विचारतेस?"

मी टेबलाखाली टाइप केलं: "पिंकी."

दहा मिनिटांनी: "आईबद्दल तीन वर्षांत एक शब्द नाही. आणि सिनेमातल्या पिंकीबद्दल विचारतेस."

माझं टाळकं सटकलं. साहेब काहीतरी विचारत होते, मी जी सर, बिल्कुल सर म्हणत राहिले आणि खाली लिहीत राहिले. "तू मला खोटं सांगितलंस आणि मला सगळ्यांसमोर खोटारडी म्हणालीस." पाठवूनही टाकलं.

मीटिंग संपेपर्यंत पश्चात्ताप झालेला. काढून टाकायला गेले तर रेघा निळ्या.

२२ नोव्हें., शनि.

पाच दिवस काही नाही. माझ्याच हाताने माती केली.

मागची खोली आवरली. आईची काठी, आईचा चश्मा. चश्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. नवा करू म्हटलं होतं तर म्हणाली, "आता कशाला, बापा?" मी म्हटलं होतं, संक्रांतीला नवा घालून जाशील. तेव्हा ती हसली होती. मला वाटलं, खूश झाली.

संध्याकाळी ताईला शोचं तिकीट पाठवलं. ३० नोव्हें., सकाळी दहा, सीट माझ्या शेजारची. सोबत काही लिहिलं नाही, काय लिहिणार?

२८ नोव्हें., शुक्र.

पुस्तिका आली. चकचकीत कव्हर, वर हातमोजा. माझं पान अकरावं. सगळं जसंच्या तसं आणि खाली बारीक अक्षरात: "असा प्रसंग चित्रपटात नाही. लेखिकेचा स्मरणदोष. – संपादक."

अनिकेतने मोठ्याने वाचलं. "मम्मा, 'स्मरणदोष' क्या होता है? बीमारी है क्या?"

हो म्हटलं. घराण्यात आहे.

ताईचं अजून काहीच नाही.

३० नोव्हें., रवि.

लिहिते. आजचं आजच लिहायला पाहिजे.

दहाला पाच कमी. सगळे आले. कुणी घरी शिवलेले कोट घालून, कुणी पुठ्ठ्याची टोपी. पाटणकर बटणांसकट. माझ्या शेजारची सीट रिकामी. मी त्यावर पर्स ठेवली, मग उचलली, मग परत ठेवली.

दिवे मंद व्हायला लागले आणि कुणीतरी म्हणालं, "पर्स काढ."

ताई. केस अर्धे पांढरे झालेत. रंगवायचं सोडलंय. मला कुणी सांगितलंच नाही. सांगणार कोण?

"ब्लू लाइनची मेट्रो थांबली होती," एवढंच बोलली आणि बसली. सीटवरची पुस्तिका उचलली, मोबाइलच्या उजेडात पानं उलटली. अकराव्या पानावर थांबली. पूर्ण वाचलं. मी पडद्याकडे बघत होते, पडद्यावर तेव्हा दंतमंजनाची जाहिरात होती. मग पर्स उघडल्याचा आवाज. तिने लाल पेन काढलं, मास्तरीण ती, लाल पेनशिवाय कुठं जाते! 'स्मरणदोष'वाल्या टिपेवर एक सरळ आडवी रेघ मारली. पेन बंद, पुस्तिका बंद.

मध्यंतरात मी पॉपकॉर्न पुढे केलं, तिने घेतलं. मोठ्या पडद्यावर बर्फ खरंच थंड वाटतो. मेश्राम बाई आल्या तेव्हा ताईच्या नाकातून हसू फुटलं. मलाही.

मग तळ फुटला. पिंकी धावायला लागली. मी मान खाली घातली. सहा वर्षांची असल्यासारखी, पंचेचाळीसची बाई, पायाकडे बघत बसले. हॉलमध्ये तोच घरघराट. ताई गप्प. बराच वेळ गप्प.

आणि मग माझ्या कानाशी, अगदी हळू:

"वळलं. सुजे, यान वळलं बघ. घेतलं तिला."

पुढच्या रांगेतून पाटणकर मागे वळून "शूऽऽ" म्हणाले. ताई शाळेतल्या आवाजात म्हणाली, "तुम्ही समोर बघा." बिचारे समोर बघायला लागले.

मी रडले. ढसाढसा, आवाज न करता, नाक गळेपर्यंत. ताईने रुमाल दिला आणि पडद्याकडे बघत राहिली. तिचेही डोळे लालभडक. या हॉलमध्ये बिडीला बंदी आहे.

बाहेर आल्यावर विचारलं, "तेव्हा खरंच पाहिलं होतंस शेवटपर्यंत? की आधीच उतरलीस?"

"आता कुठं आठवतं?" म्हणाली. मग जरा थांबून, "तू वीट सोडली होतीस. ड्रम हलत होता. काहीतरी सांगून तुला गप्प करायचं होतं."

"बस्, एवढंच?"

"एवढंच."

त्यावर तिचाही विश्वास नव्हता, माझाही नाही. आईचं नाव दोघींनीही काढलं नाही. मेट्रो स्टेशनापर्यंत सोडलं. कार्ड टेकवून आत गेली, मागे पाहिलं नाही. पुस्तिका मात्र नेली.

३ डिसें., बुध.

ग्रुपवर पाटणकर: "आपल्या शेजारी बसलेल्या भगिनी कोण होत्या? पुस्तिकेत त्यांची आठवण घ्यायला हवी होती." मी लिहिलं, पान अकरा, सगळी त्यांचीच आहे.

त्यावर अंगठा आला. मग बऱ्याच वेळाने, "टिपेबद्दल दिलगीर." माणूस वाईट नाही. नुसता बरोबर आहे.

६ डिसें., शनि.

सकाळी सहाला विहारात. महापरिनिर्वाण दिन. पांढऱ्या साडीवर स्वेटर, मेणबत्त्या, वंदना. धुक्यामुळे दहा पावलांवरचं माणूस ओळखू येईना. नागपूरचे, अमरावतीचे, नांदेडचे, तेच चेहरे. आई असताना पहिल्या रांगेत बसायची. मोरे काकू म्हणाल्या, "यंदा तुझी बहीण रंजना दिसली म्हणे तुझ्यासोबत?" द्वारकेत बातमी मेट्रोपेक्षा जलद जाते.

घरी येते तोच फोन. ताई. तीन वर्षांतला पहिला.

"जेवलीस?"

सकाळचे साडेआठ वाजले होते. हो म्हटलं.

मागून तिच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. एक. दोन.

"आईला माहीत होतं, सुजे."

मी खाली बसले, तिथेच, चपला काढता काढता.

"डिसेंबरातच मला फोनवर म्हणाली होती. 'सुजी म्हणते संक्रांतीला नागपूरला जाऊ. म्हणू दे. मी हो म्हणते. तिला बरं वाटते त्यानं.'"

"मग तू त्या दिवशी सगळ्यांसमोर तसं का बोललीस?"

शिट्टी. तीन.

"ते फोनवर नाही," म्हणाली. "ये इकडे." आणि ठेवला. केव्हा, कोणत्या दिवशी, काही नाही. पूर्वीसारखंच, थांब नं बे.

म्हणजे मागच्या खोलीत मी एकटीच खोटं बोलत नव्हते. मी वरून सांगत होते आणि आई खाली उभी राहून हो, हो म्हणत होती. चश्म्याचं बोलले तेव्हा ती हसली, ते याचंच होतं.

ताईने हे तीन वर्षं पोटात ठेवलं. रागाने? की मला आणखी लागेल म्हणून? मला खरंच कळत नाही. तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय कळणारही नाही, आणि ऐकून राग येईल की काय होईल, तेही माहीत नाही.

मि.ने विचारलं, मी येऊ? नको म्हटलं.

उद्या रविवार. ब्लू लाइनने मंडी हाउस, तिथून बदलून फरीदाबाद. आईची काठी इथेच राहू दे, चश्मा घेते. साडेआठला निघते.